घोड्याचं पोट, बैलाचं औषध

हातकणंगले तालुक्यात जनावर म्हटलं की आधी म्हैस, मग बैल, मग मेंढरू. घोड्याचा नंबर फार खाली लागतो. दूध संघाचा डॉक्टर दारात येतो तो म्हशीसाठी, पेठ वडगावच्या बाजारात भाव काढला जातो तो बैलाचा नि म्हशीचा, आणि घरोघरी झाडपाल्याचं जे शहाणपण साठलं आहे तेही बहुतेक रवंथ करणाऱ्या जनावरांचंच. त्यामुळे इथं घोड्याचं पोट दुखलं की त्याला बैलाचं औषध मिळतं. बैलाचं पोट फुगल्यावर गोडं तेल पाजतात, म्हणून घोड्यालाही गोडं तेल. बैलाचं तोंड वर करून बांबूच्या नळकांड्यानं काढा ओततात, म्हणून घोड्याचंही तोंड वर. देणाऱ्याच्या मनात खोट नसते आणि वनस्पतीही पुष्कळदा बरोबर असते. घोटाळा होतो तो जनावराच्या बाबतीत.

ही पुस्तिका त्या घोटाळ्यापासून सुरू होते. घोड्यांच्या पोटाच्या तक्रारींवर पंचगंगा-वारणेच्या या पट्ट्यात जे झाडपाल्याचे उपाय चालतात ते संकलकांनी गोळा केले, एकेक तपासला, आणि कुठला उपाय कुठवर नेतो ते लिहिलं. माझी नोकरी जनावरांच्या दवाखान्यांत गेली, म्हणून प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं. मी झाडपाल्याचा भक्त नाही आणि विरोधकही नाही. ओव्यानं घोडा बरा झालेला मी पाहिला आहे आणि ओव्याची वाट पाहत मेलेलाही पाहिला आहे.

आता इथं घोडे आहेत तरी कुणाकडे, असं शहरातला वाचक विचारेल. पहिले धनगर. पावसाळा सरला की मेंढरांचे कळप पठारावरून खाली येतात, शेतात खतासाठी बसवले जातात, आणि सगळं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असतं: भांडी, घोंगडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, कधी एखादं पोर. याच तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते तेव्हा महाराष्ट्र-कर्नाटकातून धनगर लोटतात आणि सगळा माळ भंडाऱ्यानं पिवळा होतो. दुसरे घोडागाडी शर्यतीचे शौकीन. गावोगावच्या जत्रांत बैलांबरोबर घोडेही पळतात, आणि या मंडळींचा घोड्याच्या खुराकावरचा खर्च ऐकला तर घरच्या माणसांनी रुसावं. तिसरे वरातीवाले. शिवाय थोडं पलीकडे, सीमेपार चिकोडीकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दर वर्षी आळंदीला जायला निघतात, तेही याच मुलखातले.

देशभरात घोडा कमी होतो आहे. २०१९ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टं मिळून ३.४ लाख भरली. २०१२ मध्ये हा आकडा सव्वासहा लाखांच्या आसपास होता. सात वर्षांत जवळजवळ निम्मी जनावरं गेली. जनावरासोबत त्याची माहितगार माणसंही जातात. मोतद्दार गेले, नालबंद मोजके उरले, सलोत्री (घोड्यांचा वैद्य) हा शब्द तर आता कोशातच सापडतो. एवढ्यात एक चांगली गोष्ट झाली ती म्हणजे भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. ज्या तट्टावर मराठ्यांची फौज चालली, ते धनगरांनी सांभाळलं म्हणून आज नोंदवायला तरी शिल्लक आहे.

पोटाकडे वळतो. हा भाग किचकट आहे, पण तो टाळून पुढची औषधं कुणी वाचू नयेत.

बैलाला चार कप्प्यांचं पोट असतं. पहिल्या मोठ्या कप्प्यात चारा आंबतो, परत तोंडात येतो, चावला जातो. वायू झाला तर ढेकर देऊन बाहेर जातो. घोड्याचं सगळं उलटं. त्याचं जठर देहाच्या मानाने अगदी लहान, मोठ्या घोड्याचंही साधारण ८ ते १५ लिटरचं. ते एकाच वेळी भरण्यासाठी नाही, थोडं थोडं सतत येत राहण्यासाठी आहे. मोकळा सोडलेला घोडा दिवसरात्रीत १४ ते १६ तास चरत असतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, पोटात चारा असो वा नसो. म्हणून तासन्‌तास उपाशी बांधलेल्या घोड्याला जठरात व्रण होतात. त्याला पित्ताशय नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घोडा ओकू शकत नाही. अन्ननलिका जठराला जिथं मिळते तिथलं स्नायूचं कडं इतकं घट्ट असतं आणि नळी अशा कोनात शिरते की आत गेलेलं वर येत नाही. जास्त खाल्लं, आत आंबलं, फुगलं, तर वरचा रस्ता बंद. जठर फाटून घोडा मरतो तो असा.

चारा आंबवण्याचं काम घोड्यात मागच्या बाजूला होतं, लहान आतडं ओलांडल्यावर. तिथं अंधांत्र नावाची ३०-३५ लिटरची पिशवी आहे आणि तिच्यापुढे मोठं आतडं, जे पोटात दुहेरी घडी घालून बसलेलं असतं. कमरेच्या हाडांपाशी ते एकदम अरुंद होतं आणि वळतं. लीद अडते ती बहुतेक इथं. कोरडा कडबा, कमी पाणी आणि झिजलेले दात ही तीन कारणं एकत्र आली की या वळणावर गोळा बसतो. तेल पाजून तो लगेच निघत नाही, कारण तेलाला तिथवर पोचायलाच कित्येक तास लागतात.

पट्टणकोडोलीच्या यात्रेत एका म्हाताऱ्या धनगराला घोडी तपासताना मी पाहिलं आहे. घोडी चार दिवस मंद होती. कुणी ओवा सांगत होतं, कुणी हिंग. म्हाताऱ्यानं आधी उजव्या कुशीला, कमरेच्या खळग्यापाशी कान लावला आणि डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला. मग डाव्या कुशीला. "पोट बोलतंय," एवढंच म्हणाला. खाली पडलेला लिदीचा एक गोळा उचलून त्यानं दोन्ही अंगठ्यांनी फोडला. आत ज्वारीचे अख्खे दाणे आणि बोटाच्या पेराएवढ्या लांब काड्या होत्या. त्यानं गोळा घोडीच्या मालकापुढे धरला. "हिला औषीद कशाला? आधी दात बघा हिचं." घोडीच्या वरच्या दाढांना बाहेरून धारदार कडा आल्या होत्या आणि गालाला आतून जखमा होत्या. कडा कानशीनं घासल्यावर घोडी खायला लागली. झाडपाला जाणणारा खरा माणूस मी त्याला समजतो, कारण त्यानं त्या दिवशी एकही पान तोडलं नाही.

उजव्या कुशीतला तो आवाज कुणालाही ऐकता येतो. दर मिनिटा-दोन मिनिटांनी पाणी ओघळल्यासारखी गडगड व्हायला हवी. ती फार वाढली, घोडा पुढच्या पायानं जमीन उकरू लागला, वळून कुशीकडे पाहू लागला, मध्येच बरा मध्येच बेचैन, तर आतड्याला पेटके येत आहेत. सगळं शांत झालं असेल तर मात्र घाबरायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. गडगड ऐकून लोक घाबरतात आणि गप्प पोटाला बरं म्हणतात.

पेटक्यांच्या या सौम्य पोटदुखीतच झाडपाल्याचं खरं राज्य आहे. ओवा, बाळंतशेप, सुंठ, हिंग, पादेलोण: प्रत्येक घोडेवाल्याकडे यांचाच काही ना काही मेळ असतो, गुळात वळलेला. यामागे परंपरा मोठी आहे. अग्निपुराणात अश्वचिकित्सेचा अध्याय आहे. त्यात शूळावर हिंग, पुष्करमूळ, सुंठ, अम्लवेतस, पिंपळी आणि सैंधव गरम पाण्यातून द्यायला सांगितलं आहे, आणि अतिसारावर सुंठ, अतिविष, नागरमोथा, बेल यांचा काढा. शालिहोत्राच्या नावावर चालणारी संहिता, नकुलाच्या नावावरचा ग्रंथ, जयदत्ताचं 'अश्ववैद्यक' (हे कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीनं १८८० च्या दशकात छापलं) या सगळ्यांत पोटाला मोठी जागा आहे. विराटाच्या दरबारी नकुलानं ग्रंथिक हे नाव घेऊन घोडेच सांभाळले, तेव्हा पांडवांच्या अज्ञातवासातही ही विद्या उपयोगी पडली म्हणायची.

आता या वनस्पती काम करतात का? ओव्यात थायमॉल असतं, ते आतड्याच्या स्नायूंचा ताण कमी करतं आणि वायू धरणाऱ्या जंतूंना आवरतं. हिंगाचा अर्क प्रयोगशाळेत प्राण्यांच्या आतड्याच्या तुकड्यांवर टाकला की आखडलेला स्नायू सैल पडतो. सुंठीचं तसंच. म्हणजे जुन्यांचा अंदाज हवेतला नव्हता. पण घोड्यांवर नीट मोजून घेतलेल्या चाचण्या फार थोड्या आहेत, आणि दुसरी एक गोष्ट विसरून चालत नाही: पेटक्यांची पोटदुखी बहुतांश वेळा अर्ध्या-एक तासात आपोआपच जाते. ओवा दिला आणि घोडा बरा झाला, यात ओव्याचा वाटा किती आणि घोड्याच्या नशिबाचा किती हे एका घोड्यावरून सांगता येत नाही. संकलकांनी हे प्रामाणिकपणे लिहिलं आहे म्हणून मला ही पुस्तिका आवडली.

ज्या दोन वनस्पतींवर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे त्या दोन्ही दिसायला साध्या आहेत. एक जवस. जवस भरपूर पाण्यात चांगला उकळला की बुळबुळीत पेज होते. ती कोंड्यात कालवून दिली की कोरडी लीद मऊ पडते. उकळणं सोडू नये, कारण कच्च्या जवसात सायनाइड सुटण्याजोगं द्रव्य असतं आणि ते उकळल्यानं जातं. रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं अळशीचं तेल मात्र घोड्याच्या जवळही आणू नये. त्यात रंग लवकर वाळावा म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात.

दुसरी वनस्पती इसबगोल. नदीकाठी, वाळवंटात, आखूड गवतावर चरणाऱ्या किंवा जमिनीवर दाणा टाकून खाणाऱ्या घोड्याच्या पोटात वाळू साठते. पंचगंगेच्या काठच्या घोड्यांत हे पुष्कळ दिसतं. ताज्या लिदीचे पाच-सहा गोळे बादलीभर पाण्यात कालवून अर्धा तास ठेवावेत. तळाला वाळू बसली तर निदान झालं. इसबगोलाची भुशी किलोभर वजनामागे एक ग्रॅम, म्हणजे तीनशे किलोच्या तट्टाला दिवसाला तीनशे ग्रॅम, आंबोणात घालून लगेच खाऊ घालायची. भिजत ठेवली तर खळ होते आणि घोडा तोंड लावत नाही. फिनलंडमध्ये २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इसबगोल आणि मॅग्नेशियम सल्फेट (आपलं एप्सम मीठ) जोडीनं दिल्यावर वाळू सर्वांत चांगली निघाली. पण ते तिथं पशुवैद्यकांनी नाकातून जठरात नळी घालून दिलं होतं, हे ध्यानात ठेवायचं.

हगवणीला कुड्याची साल, कच्च्या बेलफळाचा गर, डाळिंबाची साल. यांतल्या तुरट द्रव्यानं हगवण बांधली जाते आणि मोठ्या जनावराला एखाद-दुसरा दिवस देऊन पाहायला हरकत नाही. शिंगराला मात्र नाही. शिंगरू हगवणीनं काही तासांत कोरडं पडतं, त्याला साल उगाळत बसायला वेळ नसतो. जंतांसाठी वावडिंग, पळसपापडी, कपिला हे सगळं पुस्तिकेत आहे. त्यावर माझं मत कडवट आहे: रक्तवाहिन्यांत शिरून आतड्याचा रक्तपुरवठा तोडणाऱ्या जंतांपुढे हे पुरत नाही. लीद दवाखान्यात तपासून जंताचं औषध घ्यावं.

रेचकांवर संकलक थोडे मवाळ आहेत, मी नाही. हिरडा सौम्य, तो चालेल. सोनामुखीनं कळा वाढतात. काळाबोळ, म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस, याचा इतिहास तर चकित करणारा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज घोडेवैद्यांचं ते हुकमी अस्त्र होतं. घोडा आजारी पडो वा नुसता सुस्त दिसो, काळाबोळाची गोळी घशात ढकलायची. परिणाम दिसायला जवळजवळ दिवस लागतो. तोवर काही झालं नाही म्हणून दुसरी गोळी दिली की हगवणीनं घोडा संपतो. गाभण घोडीला तर ते निषिद्धच. जुन्या मसाल्यांत अफू आणि भांगही असे. अफूनं वेदना थांबते आणि आतडंही थांबतं. लीद अडलेल्या घोड्याला अफू देणं म्हणजे अडलेल्याला आणखी अडवणं. धोतऱ्याचंही तेच. एरंडाची बी, कण्हेर, गुंज यांची नावं औषधांच्या यादीत कुणी सांगितली तर त्या माणसाला नमस्कार करून घरी यावं.

नळकांड्याबद्दल एक शब्द जास्त लिहितो. घोडा नाकानंच श्वास घेतो, तोंडानं नाही. मान वर ताणून, जीभ धरून काढा ओतला की त्यातला काही भाग श्वासनळीत जातो. तेल गेलं तर ते फुप्फुसातून निघत नाही. पोटदुखीनं न मेलेला घोडा चार दिवसांनी न्यूमोनियानं मरतो आणि मालक म्हणतो, औषध लागू पडलं होतं पण त्याला थंडी बाधली. पातळ औषध पाजायचं तर नळी नाकातून जठरात घालूनच, आणि ते शिकलेल्या हातानं. घरी द्यायचं ते चाटण म्हणून, गुळाच्या लहान गोळीत, किंवा आंबोणात. घोडा आपण होऊन खात नसेल तर त्याला झाडपाल्याची नाही, डॉक्टरची गरज आहे.

आमच्या पशुवैद्यकीचा उगम घोड्यांत आहे, हे इथं सांगावंसं वाटतं. फ्रान्समधल्या लियाँला १७६२ मध्ये जगातलं पहिलं पशुवैद्यक विद्यालय काढणारे क्लोद बुर्झला मुळात घोडेस्वारीचे शिक्षक. मुंबईत परळचं महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झालं तेव्हा ट्राम, टांगे, रिसाले सगळं घोड्यांवरच. आज तालुक्याच्या दवाखान्यात बसणाऱ्या तरुण डॉक्टरानं पदवी घेईपर्यंत मोजकेच घोडे हाताळलेले असतात. तेव्हा तोही कधी कधी बैलाचंच औषध देतो. दोष फक्त नळकांडेवाल्यांवर टाकणं बरं नव्हे.

औषधाआधी चारा-पाणी. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या काडीला हात लावू नका म्हणून ते सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा निम्मा जीव घोड्यांच्या दाणावैरणीत आहे: आत्ताच वाटेल तसं उधळलंत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. आमच्या भागात अडचण उलटी आहे. इथं सुबत्तेनं पोट दुखतं. कारखाने पेटले की ऊसतोड सुरू होते आणि वाड्याचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) भारे फुकटात मिळतात. कालपर्यंत कडब्यावर असलेल्या घोड्यापुढे आज रातोरात हिरवं वाडं पडतं. गुऱ्हाळावर कुणी प्रेमानं काकवी चाटवतं. शर्यत जवळ आली की भिजवलेला हरभरा, अंडी, तूप, बदाम. लग्नात हौशी मंडळी पेढे भरवतात. मागच्या आतड्यातल्या जंतूंना बदललेला चारा पचवायला आठवडा-दहा दिवस लागतात; त्यांना सवड न देता दाणा वाढवला की पोट फुगतं आणि पाठोपाठ खूर जळतात. तीनशे किलोच्या तट्टाला दिवसाला साडेचार ते सहा किलो वाळला चारा हवाच, आणि दाणा एका वेळी दीड किलोच्या वर कधीही नको. दोन चमचे मीठ रोज. पाणी पंचवीस-तीस लिटर. दवंडी पिटायची तर या चार गोष्टींची पिटावी. उरलेली पुस्तिका त्यांच्या नंतर.

शेवटी मर्यादा. जबड्याच्या खालच्या कडेला बोट ठेवलं की घोड्याची नाडी लागते. निरोगी घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. साठीच्या वर गेली, हिरड्या गुलाबीच्या विटकरी किंवा जांभळट झाल्या, घाम सुटला, घोडा अंग टाकून लोळू लागला, किंवा दोन्ही कुशी गप्प झाल्या, तर पीळ पडलेला असू शकतो. पिळाला जगात कुठलीही वनस्पती नाही. शस्त्रक्रिया आहे, तीही वेळेत. अशा वेळी चारा काढून घ्या, घोड्याला मोकळ्या जागेत न्या, दहा-पंधरा मिनिटं हळू फिरवा. रात्रभर फरफटवू नका. दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि वेळ डॉक्टरला सांगा, लाजू नका.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी, तुमच्या वाड्यावर घोड्याच्या पोटाचा एखादा उपाय चालत आला असेल आणि तो इथं नसेल, तर संकलकांना कळवा. नुसतं नाव कळवू नका. एकाच झाडाला दोन गावांत दोन नावं असतात. पाना-फुलासकट फांदी वाळवून पाठवा. घोड्याचं वय, काय खात होता, किती दिलं, किती वेळानं लीद टाकली हे लिहा. आणि उपाय फसला असेल तर तो आधी लिहा, कारण आजवर तेच कुणी लिहून ठेवलेलं नाही. तोवर तबेल्याच्या दारावर खडूनं एक आकडा लिहून ठेवा: १९६२. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा तो नंबर आहे, आणि फोनला पैसे पडत नाहीत.